पाटा आज तुटला नाही

‘कट्’ असा एकच आवाज आला आणि पिकअप डाव्या अंगाला बसली. पहाटेचे साडेचार, मोसम खोऱ्यातला रस्ता, मागे चाळीतून काढलेला पंचवीस क्विंटल उन्हाळ कांदा आणि पुढे नामपूरच्या बाजार समितीतला लिलाव. मामा स्टिअरिंगवर, मी शेजारी, मामेभाऊ मागे कांद्यावर ताडपत्री ओढून झोपलेला. खाली उतरून तो जे पहिलं वाक्य बोलला ते छापण्यासारखं नाही.

मी तेव्हा मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला होतो. म्हणजे गाडीखाली मोबाईलची बॅटरी मारून बघायचा हक्क मिळालेला, पण बघून काही न कळणारा. तरी एवढं दिसलं, की मागच्या डाव्या चाकावरच्या थप्पीतला वरून दुसरा पाटा यू-बोल्टच्या कडेला साफ तुटला होता. वरचा मेन पाटा शाबूत होता म्हणून ॲक्सल जागेवर राहिला. तो गेला असता तर चाक तिरकं होऊन गाडी कुठे गेली असती, हे मामा तेव्हा बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगत नामपूर गाठलं, कांदा विकला आणि रिकामी गाडी पाटेवाल्या मिस्तरींकडे नेली.

मिस्तरींनी जॅक लावला, यू-बोल्ट सोडले, पाट्याचे दोन तुकडे काढून माझ्या हातात दिले आणि आमच्या बागलाणी अहिराणीत म्हणाले, “हाऊ पाटा आज नही तुटना भाऊ. कवयना तुटेल व्हता.”

आज नाही, केव्हाचाच तुटलेला होता. मला वाटलं, मिस्तरी आम्हाला गप्प बसवायला काहीतरी बोलतायत. पण त्यांनी तुटलेल्या तोंडावर बोट ठेवलं. एका कोपऱ्यात काळपट, गुळगुळीत डाग होता, त्यावर नदीतल्या शिंपल्यावर असतात तशा बारीक वळणदार रेषा. उरलेला सगळा भाग मात्र राखाडी, दाणेदार, फोडलेल्या गुळाच्या ढेपेसारखा, नवाकोरा चकचकीत. काळा भाग म्हणजे जुनी चीर. हवा-पाणी लागून ती गंजली होती. चकचकीत भाग त्या पहाटेचा.

मी एक तुकडा पिशवीत घालून कॉलेजला घेऊन गेलो. तिथे आमच्या सरांनी तो हातात घेतला आणि मिस्तरींनी सांगितलं होतं तेच इंग्रजी पुस्तकातल्या शब्दांत सांगितलं. वर एक प्रश्न विचारला, “गाडीत माल किती होता?”

त्या प्रश्नाकडे मी नंतर येतो.

स्प्रिंग म्हटलं की आपल्याला रिफिलवाल्या पेनातलं वेटोळं आठवतं. पण पाटाही स्प्रिंगच. घड्याळातली गुंडाळलेली पट्टी, ट्रॅक्टरच्या नऊ फणी कल्टिव्हेटरवरच्या जाड स्प्रिंगा (दगड लागला की फण मागे झुकतो आणि वाचतो, तो त्यांच्यामुळेच), औषध फवारणीच्या पंपाचं प्रेशर धरणारी बोटभर स्प्रिंग, हे सगळं एकाच कुळातलं. काम एकच: वाकायचं, जोर साठवायचा आणि सोडल्यावर परत जागेवर यायचं. जेवढा जोर तेवढी वाक, हा नियम रॉबर्ट हूकने 1678 मध्ये छापून जाहीर केला. अकरावीत आपण तो पाठ करतो आणि तिथेच थांबतो. कारण हूकचा नियम स्प्रिंग किती वाकेल ते सांगतो. ती किती वेळा वाकेल, हे सांगत नाही.

तो दुसरा प्रश्न जर्मनीतल्या आउगुस्ट व्होलर या रेल्वे अभियंत्याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर हाती घेतला. तेव्हा रेल्वेचे ॲक्सल काही कारण न दिसता तुटायचे. पेलता येण्यासारखाच भार, वर्षानुवर्षं तसाच चाललेला, आणि एक दिवस अचानक तुकडे. व्होलरने लोखंडाचे नमुने पुन्हा पुन्हा वाकवणारी यंत्रं बनवली आणि कितव्या फेऱ्याला तुकडा पडतो ते मोजलं. निष्कर्ष असा, की धातू एका फटक्यात तुटतो त्याच्या कितीतरी कमी ताणालाही तुटू शकतो, फक्त तो ताण हजारो-लाखो वेळा यावा लागतो. याला धातूचा थकवा म्हणतात. शब्द जरा फसवा आहे. आपला थकवा झोपल्यावर जातो. पाट्याचा थकवा जात नाही, साठतो. बाहेरून सगळं ठीक दिसतं, आत एक केसाएवढी चीर प्रत्येक हेलकाव्याला किंचित पुढे सरकत असते.

मामांचा सिद्धांत

मामांचं म्हणणं वेगळं होतं. त्यांच्या मते आदल्या आठवड्यात भरलेली गाडी रात्रभर लिलावाच्या नंबरात उभी होती, त्यामुळे पाटे “बसले” आणि म्हणून तुटले. हे मी आमच्याकडे इतक्या लोकांच्या तोंडून ऐकलंय की बराच काळ मलाही ते खरं वाटायचं. हीच समजूत दुचाकीवाल्यांत दुसऱ्या रूपात असते: डबल स्टँडवर लावा, नाहीतर शॉकअप दबून मरतो.

खरं तर उभ्या गाडीत पाटा एकदाच वाकतो आणि तसाच थांबतो. तो वाक पोलादाच्या लवचीकतेच्या हद्दीत असेल तर एक रात्र काय, महिनाभर उभी ठेवली तरी नेहमीच्या हवामानात फारसं काही होत नाही. नुकसान होतं ते दोन वेळा. एक, भारच इतका असला की हद्द ओलांडली जाते. मग भार उतरल्यावरही पाटा पूर्ण परत येत नाही. पेनातली स्प्रिंग थोडी ताणून सोडा, परत येईल. हातभर ताणा, लांबच राहील. पाटे बसतात ते असे. दोन, स्प्रिंग तापलेली असली तर. इंजिनातल्या व्हॉल्व्हच्या किंवा क्लचच्या स्प्रिंगा उष्णतेत दाबलेल्या राहून हळूहळू जोर गमावतात. कांद्याच्या गाडीचे पाटे तेवढे तापत नाहीत.

म्हणजे नंबरात उभी असलेली रात्र निर्दोष. गुन्हा घडला तो गावातून नामपूरला येताना, प्रत्येक खड्ड्यात.

इथे थोडं गणित करू, वहीच्या मागच्या पानावर करतो तसं. आमच्या पिकअपला कागदावर दीड टन माल. समजा, मागच्या पाट्यांवर गाडीचं स्वतःचं वजन 5 क्विंटल येतं आणि माल सगळा मागेच बसतो. म्हणजे नियमाने भरली तर 20 क्विंटल, आणि आम्ही भरली तशी भरली तर 30. भार दीडपट. मामांचा हिशोब सरळ होता: भार दीडपट, म्हणजे पाट्याचं आयुष्य दीडपटीने घटेल, आणि तेवढं एका खेपेच्या डिझेलमध्ये वसूल होतं. पण थकव्याचा हिशोब असा सरळ चालत नाही. ताण वाढला की आयुष्य त्याच्या मोठ्या घातांकाने घटतं. घातांक पाच धरा (भागाच्या आकारावर, पृष्ठभागावर तो कमी-जास्त होतो). दीडचा पाचवा घात साडेसातच्या वर जातो. म्हणजे जो पाटा साडेसात वर्षं चालला असता तो वर्षभरात गेला. अवघा वीस टक्के जास्त ताण दिला तरी आयुष्य निम्म्याच्या खाली येतं.

खड्डा यात आणखी भर घालतो. वजन अलगद ठेवलं तर स्प्रिंग जेवढी दबते, तेच वजन टेकवून एकदम सोडलं तर जवळपास दुप्पट दबते. हे पुस्तकातलं आदर्श उदाहरण आहे, पण चाळीसच्या वेगात खड्ड्यात आदळलेलं चाक त्याहून सौम्य नसतं.

आता सरांचा प्रश्न. तुटलेल्या तोंडावरचा काळा भाग त्यांनी पट्टीने मोजला. जेमतेम एक चतुर्थांश. ते म्हणाले, भार माफक असेल तर चीर हळूहळू जवळजवळ सगळा पाटा खाते, शेवटी थोडासाच भाग उरतो आणि मग तुटतो. इथे तीन हिस्से धडधाकट पोलाद असताना ते एका झटक्यात गेलंय. म्हणजे भार इतका होता की उरलेल्या तीन हिश्श्यांनाही तो झेपला नाही. मी “पंचवीस क्विंटल” म्हणालो तेव्हा त्यांनी फक्त मान हलवली. तुकड्याने आमच्याविरुद्ध साक्ष दिली होती.

चीर सुरू कुठून होते?

चीर सुरू व्हायला जखम लागते. पाट्याच्या आत मधोमध ती सहसा होत नाही, कारण वाकलेल्या पट्टीत सगळ्यात जास्त ताण पृष्ठभागावर असतो. आमच्या गाडीसारख्या पाट्याची दोन्ही टोकं वर आणि पोट खाली असतं. भार आला की तो सपाट व्हायला बघतो आणि त्याची वरची बाजू ताणली जाते. गंमत म्हणजे हीच बाजू वरच्या पाट्याखाली झाकलेली असते. तिथे धूळ शिरते, पावसाचं पाणी साठतं, दोन पाटे एकमेकांवर घासतात. गंजाचा एकेक खळगा ही चिरेची जन्मजागा.

आमच्या शिक्षणात गंज म्हणजे “लोखंड झिजतं” एवढंच सांगतात. पाट्याच्या बाबतीत झिजेपेक्षा भयंकर गोष्ट वेगळी आहे. कोरड्या, स्वच्छ हवेत पोलादाला एक अशी ताणाची मर्यादा असते की तिच्या खाली राहिलं तर ते जवळजवळ कितीही वेळा वाकू शकतं. गंज आणि थकवा एकत्र आले की ही मर्यादाच नाहीशी होते. मग प्रश्न फक्त केव्हा तुटेल एवढाच उरतो. खताच्या गोण्या वाहून झाल्यावर गाडीचा तळ साध्या पाण्याने का धुवावा, याचं हेही एक उत्तर. खतातले क्षार पाट्यांच्या फटीत बसले की ओल धरून ठेवतात.

आपल्याकडे जुनं, जळकं ऑइल पाट्यांवर ओतायची पद्धत आहे. मिस्तरींना विचारलं तर ते हसले. ऑइलने गंज अडतो, कुरकुर थांबते, हे खरं. पण त्यावर धूळ चिकटून खरवडणारी लुकण तयार होते आणि बुशांचं रबर फुगतं ते वेगळंच. शिवाय पाट्यांमधलं घर्षण सगळंच वाईट नसतं, हेलकावे शांत करण्यात त्याचाही वाटा असतो. माझं मत विचाराल तर वर्षातून एकदा पाटे उतरवून, ब्रशने साफ करून, मध्ये ग्राफाइटचं ग्रीस लावलेलं बरं. खर्च होतो, पण दिसतं तरी काय चाललंय ते.

दुसरी जन्मजागा म्हणजे यू-बोल्ट. ते घट्ट असले की पाट्याचा मधला भाग ॲक्सलला आवळलेला राहतो आणि वाकत नाही. ढिले झाले की वाक थेट मधल्या बोल्टच्या भोकापर्यंत जातो, आणि पाट्यात सगळ्यात कमजोर जागा तीच. नवे पाटे बसवल्यावर थोडी गाडी पळवून यू-बोल्ट पुन्हा आवळायचे असतात. आम्ही कधीच आवळले नव्हते. पान्याचा फक्त अर्धा वेढा, फुकटातलं काम.

तिसरी, आणि तुमच्या-माझ्यासारख्या अर्धवट शिकलेल्यांच्या हातून होणारी, म्हणजे वेल्डिंग. पाट्याचं पोलाद साधं नसतं. त्यात कार्बन साधारण अर्धा-पाऊण टक्का आणि सिलिकॉन दीड-दोन टक्के. ते लालभडक तापवून तेलात विझवतात, तेव्हा ते काचेसारखं कडक आणि ठिसूळ होतं. मग पुन्हा चारशे-पाचशे अंशांवर तापवून ठिसूळपणा काढतात. लोहार ज्याला पाणी देणं आणि पाणी उतरवणं म्हणतो तेच हे, फक्त मोजून मापून. वेल्डिंगचा एक टाका मारला की त्या जागेचं हे सगळं शिक्षण पुसलं जातं: एक भाग ठिसूळ, शेजारचा मऊ. बसलेला पाटा रस्त्याकडेच्या भट्टीत तापवून परत कमान देतात तेव्हाही हाच धोका. गाडी उंच दिसते, दोन महिने छान वाटतं.

कारखान्यात याच्या उलट करतात. तयार पाट्याच्या ताणल्या जाणाऱ्या बाजूवर बारीक पोलादी गोळ्यांचा वेगाने मारा करतात. लाखो छोट्या हातोड्यांनी ठोकल्यासारखा पृष्ठभाग दाबला जातो आणि तो दाब आत अडकून राहतो. पुढे भार आला की ताणाला आधी हा दाब फेडावा लागतो, मग चिरेकडे जाता येतं. अमेरिकेत जनरल मोटर्समधल्या जॉन आल्मेन यांनी 1940च्या दशकात हा मारा किती झाला ते मोजायची पट्टी बनवली. आजही ती त्यांच्याच नावाने वापरतात. हा फायदा हातोडीचे घाव घालून, ग्राइंडर फिरवून घालवणं मात्र कोणत्याही टपरीवर मिनिटभरात होतं.

आता थोडं दुचाकीकडे, कारण तुमच्यातल्या निम्म्यांना पिकअपशी देणंघेणं नाही हे मला माहीत आहे. “शॉकअप टाइट करून घे, स्प्रिंग कडक होईल.” होत नाही. रिंग फिरवली की स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवली जाते, मागचा भाग उंच राहतो, डबलसीट बसल्यावर गाडी कमी खाली जाते. स्प्रिंगचा कडकपणा मात्र तोच. तो ठरतो तारेच्या जाडीवर, वेटोळ्याच्या व्यासावर आणि वेढ्यांच्या संख्येवर. तारेची जाडी तर चौथ्या घाताने मोजली जाते: दहा टक्के जाड तार, 46 टक्के जास्त कडक. गाडी ‘लोअर’ करायला स्प्रिंगचे वेढे कापणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं, वेढे कमी झाले की ती कडक होते, आणि कापलेल्या तोंडावर बसायला नीट जागा उरत नाही. चमकावण्यासाठी क्रोमचा मुलामा देत असाल तर त्याहून वाईट. आम्लात बुडवताना आणि मुलामा चढताना हायड्रोजन पोलादात शिरतो. दोनशे अंशांच्या आसपास काही तास भाजून तो बाहेर काढला नाही तर चांगली स्प्रिंग उभ्या उभ्या तडकू शकते.

मालेगावात माझ्या एका वर्गमित्राच्या घरी माग आहेत. त्याला मी पाट्याचं कौतुक सांगत होतो तर तो म्हणाला, तुझा पाटा दिवसात किती वेळा वाकतो? आमच्याकडे बघ. आम्ही हिशोब मांडला. माग मिनिटाला 120 वेळा धोटा मारतो असं धरलं, तर प्रत्येक बाजूची मारणी काठी साठ वेळा हलते आणि तिला परत आणणारी स्प्रिंग साठ वेळा ताणली जाते. वीस तासांत 72 हजार. दोन आठवड्यांत दहा लाख. म्हणून मागवाले तुटायची वाट बघत नाहीत, स्प्रिंगांचा डबा कायम भरलेला ठेवतात. त्यांना स्प्रिंगचं वय महिन्यात नाही, फेऱ्यांत कळतं.

परत नामपूरला. मिस्तरींकडे त्या दुपारी मामांनी जे सांगितलं ते आमच्याकडचा प्रत्येक पिकअपवाला सांगतो: “तुटलेला बदल आणि अजून एक जाड पाटा टाक.” जाड म्हणजे मजबूत, हे कुणालाही पटेल. पण थप्पीतले सगळे पाटे एकसारखे वाकतात, आणि तेवढ्याच वाकाला जाड पाट्याच्या पृष्ठभागावर ताण जास्त येतो. आठ मिलिमीटरच्या पाट्यांत बारा मिलिमीटरचा घातला तर त्याच्यावर दीडपट ताण. बारीक काडी आणि जाड काडी एकाच गोल डब्याभोवती वाकवून बघा, कोणती आधी मोडते ते.

आणि समजा तो नाही मोडला. गाडी मग भरली तरी बसत नाही, ताठ उभी राहते, आणि ताठ उभी दिसते म्हणून आपण आणखी दोन क्विंटल टाकतो. ॲक्सल तोच, चेसिस तीच, टायर तेच. मुख्य म्हणजे ब्रेक तेच. ताहाराबादहून पिंपळनेरकडे जाताना शेलबारीचा घाट उतरताना पाटे गाडी थांबवत नाहीत. पाट्यांचं बसणं ही खरं तर गाडीची तक्रार असते. जास्तीचा पाटा टाकून आपण ती तक्रार ऐकू येणार नाही अशी सोय करतो.

हे सगळं मी तेव्हा बोललो नाही, कारण मला तेव्हा माहीतच नव्हतं. पाटा बसला. माझा तुकडा कॉलेजला गेला, सरांनी मोजला, आणि पंधरा दिवसांनी सुट्टीत मी तो परत आणून मामांच्या हातात ठेवला. काळा भाग दाखवला, साडेसात पट सांगितलं. मामा म्हणाले, “तुझ्या सरांना सांग, कांदा एका खेपेत आणला की एकदाच हमाली, एकदाच डिझेल, एकदाच नंबर. दोन खेपा केल्या तर दुसऱ्या दिवशी भाव काय निघेल ते कुणी सांगावं?” माझ्याकडे याचं उत्तर नव्हतं. व्होलरकडेही नसतं.

बराच वेळ ते तुकडा उलटसुलट करत राहिले. मग विचारलं, “मेन पाटा तुटला असता तर?” मी सांगितलं, ॲक्सल एका बाजूने मागे सरकला असता. मागे कांद्यावर कोण झोपलं होतं हे दोघांनाही ठाऊक होतं.

जाड पाटा त्यांनी पुढच्या महिन्यात काढून घेतला. दोन खेपा करत नाहीत, अजूनही नाही. पण आता शेजारच्या चुलतमामांची पिकअप सोबत घेतात, कांदा दोन गाड्यांत वाटतात, आणि यू-बोल्ट आवळायचं काम मामेभावाकडे आहे. कांद्यावर झोपायला आता त्याला परवानगी नाही.

उरलेला दुसरा तुकडा मिस्तरींकडून गावातल्या लोहाराने मागून नेला. पाट्याच्या पोलादाला आपल्याकडे कोयत्या-विळ्यांसाठी कायम मागणी असते. त्याने तो भट्टीत घातला, पसरवला, धार काढली, परत पाणी दिलं. मामी कांद्याची पात कापते तो विळा त्याचाच आहे.